ड्रम खाली आहेत

लखनौच्या तेलीबागेत आमचं घर आहे. आमचं म्हणजे स्वतःचं, मागे चार पावलांचं अंगण असलेलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण लग्नानंतरची सगळी उमेदीची वर्षं मी सरकारी क्वार्टरांत काढली. झाशी, पठाणकोट, तेजपूर, परत झाशी. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, लावलेला मोगरा बहरायला लागला की बदलीचा हुकूम येणार, आणि निघायच्या दिवशी कुणीतरी येऊन नळाच्या तोट्या मोजून घेणार. माझे यजमान शिवाजी इंगवले सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा गावाकडं सगळ्यांना वाटलं, आता ही मंडळी साताऱ्याला परतणार. पण आमची मुलगी शिवांगी इथं शिकत होती, छावणी जवळ, कॅन्टीन जवळ, लष्कराचा दवाखाना जवळ. आणि खरं सांगायचं तर मला पुन्हा सामान बांधायचं नव्हतं. मी म्हटलं, इथंच. निवृत्तीचा होता नव्हता तेवढा पैसा या घरात गेला.

जागा स्वस्तात मिळाली, त्याला कारण मागची भिंत. भिंतीपलीकडे रंगाचा बंद पडलेला कारखाना. कंपनी कधीच बुडाली होती आणि मालक कुठं गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. पत्रे भंगारवाल्यांनी नेले आणि मागे राहिली ती पिवळट माती, जिच्यावर गवतसुद्धा नीट उगवत नव्हतं. गल्लीतल्या पोरांचा चेंडू भिंतीपलीकडे गेला की तो गेलाच. आयाच जाऊ द्यायच्या नाहीत.

यंदा थंडी सरता सरता तिथं सरकारी पैसा आला. फाटकावर निळा बोर्ड लागला, 'भूमि शोधन एवं पुनर्विकास परियोजना'. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, मी तो वाचून दाखवला तर म्हणाल्या, "काय शोधत्यात? कुनाचं काय हरवलंय?" मी हसून सांगितलं की हिंदीत शोधन म्हणजे शुद्ध करणं. इतकी वर्षं उत्तरेत राहून हिंदी आपल्या हातचा मळ झालाय, असा मला तेव्हा चांगलाच माज होता.

कामावर एक इंजिनीअरबाई होत्या, प्रतिमा श्रीवास्तव. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात पुरुषी बूट. पहिल्याच दिवशी त्यांनी गल्लीतल्या लोकांना गोळा करून सांगितलं होतं की ज्या जागेचा घाण करणारा मालक सापडत नाही, त्या जागेची सफाई केंद्र आणि राज्य मिळून करतात. विषारी माती उचलायची, चांगली आणून टाकायची, मग वर बाग आणि एक दवाखाना. आमचे सुभेदार घरी येऊन तणतणले, "घाण करणारा पळाला आणि साफसफाई आमच्या टॅक्सातून! चोर सोडून संन्याशाला फाशी."

"तुम्ही कुठले संन्यासी," मी म्हटलं, "आठवड्यातून दोनदा मटण लागतं."

आता आत्याबाईंबद्दल. नाव माणिकबाई, गाव खटाव तालुक्यातलं. सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या. सकाळी मागच्या दाराशी उन्हात खाट टाकून बसायचं आणि भिंतीच्या पडक्या भागातून पलीकडचं काम बघायचं, हा त्यांचा उद्योग. हिंदी त्यांना येत नाही असं म्हटलेलं त्यांना चालत नाही. 'भैया, कितने का' एवढ्यावर त्या सब्जीवाल्याशी तासभर भांडतात आणि जिंकतातही.

एके दिवशी मी भाकरी थापत होते, तर आत्याबाई लगबगीनं आत आल्या. त्यांचा चेहराच उतरला होता.

"नीलम, अगं ती टोपीवाली बाई फोनवर तिच्या सायबाला सांगत हुती. ड्रम खाली हायत म्हनं."

"कसले ड्रम?"

"कारखान्याचं, दुसरं कसलं. आपल्या गल्लीच्या भिंतीपतूर जेवढं हायत तेवढं समदं खाली. दोनदा बोलली ती. समदं खाली."

माझा हात परातीतच राहिला. बाहेरच्या खोलीत सुभेदार पेपर वाचत होते. त्यांनी पेपर ठेवला, उठून आले, आणि काय सुचलं कुणास ठाऊक, स्वयंपाकघराच्या फरशीवर टाच आपटून बघितली. मग आत्याबाईंकडून पुन्हा एकदा सगळं वदवून घेतलं, शब्दाला शब्द. बाई काय म्हणाली, कुठं उभी होती, कुणाशी बोलत होती. आत्याबाईंची साक्ष जराही हलली नाही. ड्रम खाली आहेत. भिंतीपर्यंत. सगळे.

भिंत म्हणजे आमचीच भिंत. मला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर अंगणात लावलेली मेथी. मागच्याच आठवड्यात खुडून खाल्ली होती.

सुभेदारांनी सदरा चढवला आणि गल्लीत गेले. 'ड्रम नीचे दबे हैं. हमारे मकानों के नीचे.' एवढंच ते म्हणाले, पण फौजी माणूस आवाज बारीक करून बोलला की लोक जास्तच घाबरतात. संध्याकाळपर्यंत कुणाला वास यायला लागला, कुणाच्या गुडघेदुखीचं कारण सापडलं, कोपऱ्यावरच्या घरात तर फरशी मधोमध फुगलेली निघाली. ती गृहप्रवेशापासूनच फुगलेली होती, पण आता तिला अर्थ आला.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली जेसीबीसमोर जाऊन बसली. काम बंद.

प्रतिमा मॅडम धावत आल्या. म्हणाल्या, "सुभेदार साहब, मार्च चल रहा है. काम रुका तो इस साल का पैसा लौट जाएगा. दोबारा कब मिलेगा, कोई नहीं बता सकता."

"पहले हमारे मकानों की बात कीजिए," हे म्हणाले.

"किन मकानों की?"

"आप अच्छी तरह जानती हैं."

बाई बघतच राहिल्या. त्यांची समजूत झाली की गल्लीला काहीतरी नुकसानभरपाई उकळायची आहे. यांची समजूत झाली की बाई लपवतात. मी घरी म्हटलं, अहो, सरळ विचारा ना, ड्रम आमच्या घरांखाली आहेत का म्हणून! तर म्हणाले, "सोर्स उघड करायचा नसतो. आईचं नाव आलं तर बिचारीला उद्या चौकशीला बोलावतील." उभा जन्म फौजेत गेला की माणूस स्वतःच्या आईलासुद्धा सोर्स म्हणतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, एवढंच मी मनात म्हटलं.

पण चेष्टा इथंच संपली. त्या रात्रीची भांडी मी घासत असताना हे मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "पेपरात यायच्या आत घर विकून टाकू."

मी वळून बघितलं नाही.

"एकदा छापून आलं की कुत्रंही विचारणार नाही. आत्ता विकलं तर निदान गावाकडं दोन खोल्या होतील."

"आणि घेणारा?"

"तो त्याचं बघेल."

मी कढई घासत राहिले. बोलले असते तर रडले असते, आणि यांच्यासमोर रडायला मला आवडत नाही. ते घर मी नुसतं बांधून घेतलं नव्हतं, गवंड्याशी भांडून भांडून उभं केलं होतं. ओटा माझ्या उंचीचा, खिडकी माझ्या डोळ्यांसमोर. आयुष्यात पहिल्यांदा भाकरी थापताना कंबर वाकवावी लागत नव्हती. आणि आता ते सोडून जायचं, तेही दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारून.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, जानकीपुरमला, औषधांच्या संशोधन संस्थेत शिवांगी नोकरी करते आणि तिथंच राहते. तिला फोन केला. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, हे आमचं ठरलेलं. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मम्मी, पहले मिट्टी टेस्ट करवाओ. डर के मारे कोई घर बेचता है क्या?"

"तुझ्या बाबांना सांग."

"बाबा सुनते हैं किसी की?"

यांनी ऐकलं नाहीच. चौथ्या-पाचव्या दिवशी दलालानं एक गिऱ्हाईक पाठवलं. चंद्रप्रभा शुक्ला, निवृत्त शिक्षिका, एकट्या. जुन्या शहरात, अमीनाबादेत, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या. पांढरी सुती साडी, हातात छत्री. जिना चढून गुडघे गेले म्हणून तळमजल्याचं घर शोधत होत्या. "अमीनाबाद में तो खिड़की खोलो तो सामनेवाले की रसोई में हाथ चला जाए," म्हणाल्या. मला बाई आवडल्या, आणि आवडल्या म्हणूनच त्यांच्याकडं बघवेना.

सुभेदारांनी मला आधीच तंबी दिली होती, तोंड उघडायचं नाही. स्वतः मात्र मागच्या भिंतीकडं हात करून सांगत होते, "यहाँ पार्क बनेगा, दवाखाना बनेगा. सरकारी पैसा लगा है." यातला एक शब्दही खोटा नव्हता, हेच तर वाईट होतं. चंद्रप्रभाबाईंनी घर फिरून बघितलं. अंगणातल्या मेथीपाशी वाकल्या. स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या ओट्यावरून तळहात फिरवला, जसा मी रोज फिरवते.

मी चहा गाळत होते. मनात म्हटलं, आता सांगते. यांना काय करायचं ते करू देत, पण या बाईला मी विषावर आणून बसवणार नाही. तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच बोलल्या.

"बड़ा अच्छा रखा है आपने. तो बहनजी, मकान कब तक खाली कर देंगी?"

गाळणं माझ्या हातातून कपात पडलं.

"क्या कहा आपने?"

"यही कि... खाली कब तक करेंगी? मतलब, मुझे भी अमीनाबाद में बताना पड़ेगा न."

"फिर से कहिए."

"क्या?"

"वही. आख़िरी बात."

चंद्रप्रभाबाईंनी माझ्याकडं जरा काळजीनं बघितलं आणि शाळेत मुलांना सांगतात तसं सावकाश म्हणाल्या, "मकान. कब. खाली. करेंगी."

खाली! हिंदीतलं खाली! खाली म्हणजे रिकामं! मी स्वतः इतकी वर्षं सिलिंडरवाल्याला 'भैया, खाली वाला ले जाओ' म्हणत आले आणि तो रिकामाच उचलून नेत आला. कधी चुकून भरलेला नेला नाही. प्रतिमा श्रीवास्तव लखनौची बाई. ती तिच्या साहेबाशी फोनवर मराठीत कशाला बोलेल? ती म्हणाली, ड्रम खाली हैं. आत्याबाईंनी आत येऊन सांगितलं, ड्रम खाली हायत. एका अक्षराचा फरक केला नाही त्यांनी. पण शब्द त्यांच्या तोंडातून आला तो मराठी होऊन आला, आणि मराठीत ऐकलेलं आम्हाला मराठीतच कळलं. मग सुभेदारांनी त्याचं 'नीचे' केलं आणि सगळ्या गल्लीला वाटून टाकलं. ध चा मा झाला तो हा असा.

मी चहा तसाच टाकला, पायात मिळेल ती चप्पल अडकवली आणि मागच्या दारानं निघाले. मागून हे ओरडत होते, "अगं, कुठं निघालीस? पाहुण्या आहेत!"

फाटकाशी प्रतिमा मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून डबा खात होत्या. जेसीबी बाजूला उभा, त्याच्या सावलीत ड्रायव्हर झोपलेला. मला बघून त्यांच्या कपाळावर आठी आली. गल्लीतलं कुणीही आलं की भांडायलाच येतं, एवढा अनुभव त्यांना मिळाला होता.

"मॅडम, एकच विचारते," मी घाईत मराठीतच सुरू झाले आणि मग जीभ वळवली, "वो ड्रम... वो नीचे हैं क्या? हमारे घर के नीचे?"

"आपके घर के नीचे? किसने कहा?"

"आपने. फ़ोन पर. ड्रम खाली हैं."

"हाँ तो खाली ही हैं! दीवार के किनारे गड़े थे, हमने निकाले, देखा. सारे खाली." त्यांनी आपला डबा उचलला आणि माझ्यासमोर उलटा धरला. दोन शितं पडली. "ऐसे. खाली."

मला जे हसू फुटलं ते आवरेना. तिथंच मातीच्या ढिगावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मधेमधे त्यांना समजावून सांगत होते, मराठी में खाली मतलब नीचे, मेरी सास, मेरे पति, नीचे, आणि पुन्हा हसत होते. ड्रायव्हर उठून बसला. त्या आधी गोंधळल्या, मग त्यांनाही कळलं, आणि हेल्मेटसकट मान मागे टाकून त्याही हसायला लागल्या. "तो इसलिए! मैं सोच रही थी, सुभेदार साहब को चाहिए क्या आख़िर!"

उठले, साडी झटकली, घराकडं वळले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पडक्या भिंतीपर्यंत आले असेन, आणि पाय आपोआप थांबले.

ड्रम रिकामे. ठीक. पण कारखान्याचे ड्रम कधीतरी भरलेले असणारच. मग त्यांतलं गेलं कुठं?

परत गेले. तेच विचारलं. या वेळी मॅडम हसल्या नाहीत. डब्याचं झाकण लावलं.

"यह सवाल आज तक किसी ने नहीं पूछा," त्या म्हणाल्या. "खाली सुनकर सब खुश हो जाते हैं. ऊपरवाले भी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. कारखान्याच्या आवारात खोलवर पिवळा थर लागलाय, म्हणजे माल मातीत उतरलाय हे नक्की. कुठल्या अंगाला पसरला ते बोअर मारून माती काढल्याशिवाय कळणार नाही. गल्लीच्या बाजूचे बोअर त्याच आठवड्यात मारायचे होते. त्याच आठवड्यात गल्ली जेसीबीसमोर येऊन बसली.

"और हमारी तरफ़ निकला तो?"

"तो आपके मकान भी योजना में आएँगे. कुछ साल के लिए हटना पड़ेगा, शायद हमेशा के लिए. झूठ नहीं बोलूँगी."

घरी आले तेव्हा आत्याबाई आणि चंद्रप्रभाबाई समोरासमोर बसल्या होत्या. आत्याबाईंनी त्यांना शेंगदाण्याचा लाडू दिला होता आणि दोघी आपापल्या भाषेत गुडघ्यांबद्दल बोलत होत्या. सुभेदार दारात उभे, मिशी थरथरत होती. मी सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मटकन बसले ते.

"म्हंजी?" आत्याबाई म्हणाल्या. "मी काय चुकीचं सांगितलं? जसं ऐकलं तसं सांगितलं."

"तुम्ही बरोबरच सांगितलंत, आत्याबाई."

"मग? मला कशापायी बघताय समदी?"

आणि त्यांचं खरंच होतं. आख्ख्या गल्लीत एकट्या त्यांनीच बाईचं बोलणं जसंच्या तसं आणलं होतं.

चंद्रप्रभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी छत्री उचलली, यांच्याकडं एकदा बघितलं, तेवढ्यानं सुभेदारांनी मान खाली घातली. मला म्हणाल्या, "मिट्टी की रिपोर्ट आए तो बताइएगा. जो भी आए." आणि गेल्या.

त्या गेल्यावर हे एकदम उत्साहात आले. "चला, निस्तरलं. ड्रम रिकामे. आपल्या खाली काही नाही. मी गल्लीत सांगून येतो."

"आधी आपल्या अंगणात बोअर मारायला लावा."

"कशाला? आता साप साप म्हणून भुई धोपटू नकोस."

"भुई तुम्ही धोपटलीत. आता साप आहे का तेवढं बघून घेऊ."

ते दारातून मागे फिरले. मग अगदी हळू, गल्लीत बोलतात तसं नाही, खरंच हळू म्हणाले, "नीलम, निघालं तर? आपल्याकडं दुसरं काही नाही गं." लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा बघत होते. भीती मलाही होतीच. मला ते घर इतकं हवं होतं की वाटलं, म्हणतील ते ऐकावं, नकोच बघायला. ज्याचं नाव घेतलं नाही ते नाहीच, असं धरून चालावं. पण मी स्वतःला ओळखते. रोज भाकरी थापताना फरशीकडं बघत राहिले असते.

"निघालं तर कळेल," मी म्हटलं. "न कळता मला इथं झोप लागायची नाही."

"मी नाही सही करणार."

"नका करू. घर माझ्या नावावर आहे."

बायकोच्या नावावर रजिस्ट्री केली की स्टॅम्प ड्युटीत सूट मिळते, म्हणून यांनीच हौसेनं ते केलं होतं. तेव्हा चार मित्रांना अक्कल पाजळत सांगितलंही होतं. आता ते माझ्याकडं बघत राहिले, मग त्यांना हसू आलं, मग मला.

त्या संध्याकाळी ते गल्लीच्या मधोमध उभे राहिले. सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं, काहीतरी सारवासारव करतील, आईला ऐकू कमी येतं वगैरे. पण नाही. सावधान उभे राहून म्हणाले, "माताजी ने ठीक सुना था. समझने में गलती मेरी है. आप सबको मैंने डराया, माफ़ी चाहता हूँ." कोपऱ्यावरच्या फुगलेल्या फरशीवाल्यानं विचारलं, "तो मेरी फ़र्श?" सगळे हसले. पण मी ओसरीवरून त्यांच्याकडं बघत होते आणि मला त्या माणसाचा फार अभिमान वाटत होता. त्यांना ते सांगितलं नाही. डोक्यावर बसले असते.

होळीच्या आधी काम पुन्हा सुरू झालं. पहिला बोअर आमच्या अंगणात, मेथीच्या वाफ्यात. मशिननं मातीची लांब कांडी वर काढली. तपकिरी, ओलसर. आत्याबाईंनी चिमूटभर उचलून बोटांवर चोळली. "गुनाची माती हाय," म्हणाल्या. प्रतिमा मॅडम हसून म्हणाल्या, "देखने से पता नहीं चलता, माँजी. कारख़ाने में भी कई जगह ऐसी ही दिखती थी ऊपर से." माती पिशव्यांत गेली, पिशव्या प्रयोगशाळेत गेल्या, आणि आम्ही वाट बघत बसलो.

ती वाट बघणं मला कुणी पुन्हा करायला सांगू नये. मी डाळ-तांदूळ थोडे थोडे आणायला लागले. दूधवाल्याचा महिना बांधायचं टाळलं. शिवांगी रोज फोन करायची, "कुछ आया?" सुभेदार दिवसातून तीनदा फाटकापर्यंत चक्कर मारायचे आणि फिरायला गेलो होतो म्हणायचे. होळीला मी पुरणपोळ्या केल्या, त्याही फाटल्या. रोज रात्री मी मनाशी घर सोडायची तयारी करायचे आणि रोज सकाळी खिडकीतून ओट्यावर ऊन आलं की ती मोडायची.

प्रतिमा मॅडम आल्या त्या दुपारी मी बाहेरच्या पायरीवर गहू निवडत होते. हेल्मेट काखेत धरलेलं, केस घामानं चिकटलेले. त्यांनी गल्लीतल्या इतर कुणाला हाक मारली नाही, आधी माझ्याकडं आल्या.

"साफ़ है," त्या म्हणाल्या. "आपका आँगन, पूरी गली. कुछ नहीं मिला."

"तो फिर वह गया कहाँ?"

"बीच में पुराना हौद है. कंपनी सब उसी में उँड़ेल गई, और खाली ड्रम दीवार के पास गाड़ दिए. हौद रिस गया, पर नीचे चिकनी मिट्टी की परत है. माल वहीं रुका पड़ा है. अब सीधे उसी को खोदेंगे. गली नहीं खोदनी, तो पैसा भी पूरा पड़ जाएगा."

हौद पाझरला होता, पण माल खालच्या चिकणमातीवर अडला होता, गल्लीपर्यंत आलाच नव्हता. मी 'अच्छा' म्हटलं. एवढंच. मग सूप बाजूला ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि भर दुपारी, भर गल्लीत, यांच्यासमोर, आत्याबाईंसमोर, त्या परक्या बाईसमोर हमसून हमसून रडले. आत्याबाई घाबरून उठल्या. "काय झालं? काय बोलली ती?"

"आई, माती चांगली आहे," सुभेदार म्हणाले. त्यांनी माझं सूप उचलून घेतलं. "सगळी."

"मी बोललेच हुते," आत्याबाई म्हणाल्या आणि पुन्हा ओसरीवरच्या खाटेवर बसल्या.

मॅडमना पाणी दिलं, गूळ दिला. त्या पुढच्या घराकडं गेल्या आणि थोड्या वेळात गल्लीच्या त्या टोकापासून आरडाओरडा ऐकू यायला लागला, आनंदाचा. मी आत जाऊन तोंड धुतलं आणि चंद्रप्रभाबाईंना फोन लावला. सांगितलं. त्या म्हणाल्या, "बधाई हो." मग म्हणाल्या, "तो अब आप नहीं बेचेंगी."

"नहीं, दीदी."

"ठीक ही है. मैं होती तो मैं भी न बेचती." आणि गुडघे ठीक असले की एकदा चहाला येईन म्हणाल्या, त्या दिवशीचा प्यायचा राहिलाय म्हणून.

सुभेदार स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. सगळं आयुष्य हुकमावर काढलेला माणूस, एक काम संपलं की पुढचं विचारायची सवय. बाहेर जेसीबीचा घरघराट सुरू झाला होता, भिंतीपलीकडे, हौदाच्या बाजूला.

"मग," ते म्हणाले, "आता काय करायचं?"

"काही करायचं नाही," मी म्हटलं. "राहायचं."